तो तास ठेवतात कुठं?

मला धक्का फार लवकर बसतो. स्वभावच तसा. नांदेडला मुलींच्या शाळेत मराठी शिकवण्यात उभा जन्म गेला, पण एखाद्या पोरीनं निबंधात भलतंच काही खरं लिहिलं की मी खुर्चीतून उठून उभी राहायचे. आमच्याकडं म्हणतात, हिला एक वेळ चहा नसला तरी चालतो, रोजचा धक्का मात्र वेळेवर लागतो. म्हणोत बापडे. कशानंच न दचकणाऱ्या माणसांची मला भीती वाटते.

कार्तिक लागला की नवा धक्का शोधावा लागत नाही, जुनाच परत येतो. विष्णुपुरीच्या धरणाकडून येणारा सकाळचा वारा गार होतो, गाड्यांवरची सीताफळं काळी पडत संपत येतात, दिवाळीचा आकाशकंदील कोणी काढायचा यावर घरात चालढकल सुरू असते, आणि मला एकदम तो वास येतो. भिजलेल्या पिठासारखा, थोडा आंबूस, थोडा तुतीच्या पाल्याचा. चाकूरजवळच्या आमच्या गावातल्या दादाच्या शेडचा वास. नांदेडच्या तिसऱ्या मजल्यावर तो येण्याचं काही कारण नाही, पण येतो. त्याच्यामागून पाखरं आठवतात आणि पाखरांच्या मागून भिंतीवरचं ते दुसरं घड्याळ.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सोयाबीनला कंटाळून त्यानं दोन एकरांत तुती लावली, कडेला पत्र्याची शेड उभी केली आणि रेशमाच्या अळ्या पाळायला घेतल्या. खरं तर पाळल्या त्याच्या मुलीनं, अश्विनीनं. अशू लातूरला बी.एस्सी. करून घरी आली होती, आणि नोकरीच्या परीक्षा देता देता शेडमध्येच रमली. वेळेवर पाला टाकायचा, चुना भुरभुरायचा, अळ्या कात टाकायला थांबल्या की कोणाला आत येऊ द्यायचं नाही. पहिल्यांदा मी शेडमध्ये गेले तेव्हा शंभर माणसं एकदम वर्तमानपत्रं चुरगाळत असावीत असा आवाज येत होता. मी दारातच थबकले. हे काय, म्हणून विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "जेवायल्यात."

त्याच दुपारी दुसरा धक्का मिळाला. अळी स्वतःभोवती कोष विणते आणि आत तिचं पाखरू होतं, एवढं मला शाळेच्या पुस्तकातून माहीत होतं. पण ते पाखरू बाहेर यायच्या आत कोष विकावा लागतो, हे माहीत नव्हतं. पाखरू बाहेर येताना कोषाला भोक पाडतं आणि भोक पडलेल्या कोषाचा सलग धागा निघत नाही. म्हणून बाजारात गेलेला कोष गरम हवेत नाहीतर उकळत्या पाण्यात जातो, आतल्या जिवासकट. मी अंगावरच्या साडीकडं बघितलं. ठेवणीतली रेशमी साडी, भावाकडं जायचं म्हणून मुद्दाम नेसलेली. तिचा पदर मला एकदम जड झाला.

"म्हणजे तू पाखरू कधी बघितलंच नाहीस?" मी अशूला विचारलं.

"न्हाई आत्या. दिसलं म्हंजे पीक गेलं."

एवढ्या अळ्या तिनं हातानं वाढवल्या होत्या, आणि त्या शेवटी कशा दिसतात हे तिला ठाऊक नव्हतं. हे मला कित्येक दिवस पचलं नाही. शेतकऱ्याला आपलं पीक फुललेलं दिसू नये, दिसलंच तर तो घात समजावा, असा धंदा मी दुसरा पाहिलेला नाही.

अशूसाठी स्थळ मीच सुचवलं होतं. माझ्यासोबत शाळेत शिकवणाऱ्या बाई मुदखेडच्या. यजमान रेल्वेतून निवृत्त, मुलगा निखिल अमेरिकेत, तिकडच्या अगदी मधल्या भागात कुठंतरी नोकरीला. शांत पोरगा. फोटो बघून अशूनं होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही, म्हणाली, बोलून बघते. आता बोलायचं म्हणजे व्हिडिओवर, आणि व्हिडिओ म्हणजे वेळेचा घोळ. त्याची शनिवारची रात्र ती आमची रविवारची सकाळ. दादाला हे पटेना. शनिवारी बोलणारा माणूस रविवारी कसा ऐकू येतो, असा त्याचा साधा प्रश्न होता. 

मग दादानं त्याच्या पद्धतीनं तोड काढली. लातूरला जाऊन एक घड्याळ आणलं. मोबाइलमधली वेळ त्याला खरी वाटत नाही, वेळ भिंतीवर दिसली पाहिजे. मी मुदखेडला फोन लावून निखिलकडं अमेरिकेत किती वाजलेत ते विचारलं, स्टुलावर चढून काटे लावले आणि ते घड्याळ आमच्या जुन्या घड्याळाशेजारी टांगलं. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, हे आपलं, हे पोराचं. वहिनी चिडायची. अजून कशात काही नाही आणि यांनी जावयाचं घड्याळ टांगलं, लोक काय म्हणतील. पण तिलाही मी चोरून तिकडं बघताना पाहिलंय. आपण दुपारी भाकरी थापतोय आणि त्या पोराच्या खिडकीबाहेर मध्यरात्र आहे, हे घड्याळात बघून तिचा हात तव्यावर थांबायचा.

पहिलं बोलणं झकास झालं. ठरल्याप्रमाणे पोराच्या घड्याळात नऊ वाजले आणि फोन वाजला. दादा बाजेवर ताठ बसला होता, पण त्याचा डावा गुडघा हलत होता. लहानपणापासूनची खोड. परीक्षेचा निकाल असो की बैलांचा बाजार, वाट बघायची वेळ आली की दादाचा डावा गुडघा थांबत नाही. आई त्याच्यावर हात ठेवून बसायची. त्या दिवशी वहिनीनं ठेवला.

निखिलनं नेहमीचे प्रश्न विचारले नाहीत. त्यानं अशूला अळ्या किती खातात ते विचारलं, आणि मग विचारलं की पाखरू कसं दिसतं. अशू म्हणाली, मला ठाव न्हाई. तो हसला नाही. मला पण बघायला आवडलं असतं, एवढंच म्हणाला. दिसलं तर दाखवते, असं ती बोलून गेली आणि मी घसा खाकरला. तरण्या पोरीनं पहिल्याच बोलण्यात वचन द्यावं, हा त्या दिवशीचा माझा धक्का. पुढच्या रविवारी याच वेळेला पक्कं बोलू, असं ठरलं. दादा भलता खुशीत होता. तोवर कोष तयार होतील, पोराला सगळा ढीग दाखवू, म्हणाला.

माणसानं वेळेला गावागावांत कसं वाटून घेतलंय, हे मी नंतर वाचत बसले तेव्हा माझी मतीच गुंग झाली. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त पाव तास पुढं आहे. पाव तासानं काय साधलं, देव जाणे, पण आहे. आसामात सूर्य इतका लवकर उगवतो की तिथल्या चहाच्या मळ्यांनी पूर्वापार आपलं घड्याळ देशाच्या तासभर पुढं ठेवलंय. पॅसिफिकमधल्या एका बेटावरच्या लोकांनी तर शेजाऱ्यांशी व्यापार जमावा म्हणून एक अख्खा दिवसच गाळला. गुरुवारी रात्री झोपले ते शनिवारी उठले. त्या शुक्रवारी ज्यांचा वाढदिवस होता त्यांनी काय केलं असेल, याचा विचार करत मी एकदा वरणाची फोडणी जाळली. आणि दूर कशाला जायचं, आपली वेळसुद्धा आपली नाही. ती उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या एका रेषेची आहे. आपल्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा चाकूरच्या डोक्यावर सूर्य अजून आलेलाच नसतो. हे मी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, ते मला घड्याळाआधीपासून ठाव हाय. पण ही सगळी अक्कल नंतरची. त्या दुसऱ्या रविवारी आमच्या घरात कोणालाच काही माहीत नव्हतं.

त्या सकाळी शेडमध्ये पांढऱ्या चादरींवर कोषांचा ढीग पसरला होता. वेचून, साफ करून, एकेक कोष भुईमुगाच्या शेंगेएवढा, टणक आणि गुळगुळीत. हलवला की आत काहीतरी खुळखुळायचं. शफीकभाई टेंपो घेऊन दारात उभे होते. आसपासच्या गावांतले कोष बाजारात नेण्याचं काम तेच करतात. बाकी सगळ्यांचा माल भरून झाला होता, आमचाच राहिला होता, कारण दादा पोती भरू देत नव्हता. पोरानं बघायचं होतं ना. कॉल झाला की भरू, पाच-दहा मिनिटांचं काम, असं तो म्हणत होता. पोराच्या घड्याळात नऊ वाजले. आम्ही सगळे नटूनथटून फोनकडं बघत बसलो. अशूनं कोयरीच्या नक्षीची साडी नेसली होती. फोन काही वाजला नाही.

सव्वानऊ झाले. दादाचा गुडघा सुरू झाला. शफीकभाईंनी बाहेरून दोनदा हॉर्न दिला, मग चपला काढून आत आले. दादा म्हणाला, अजून थोडं थांबा. ते म्हणाले, "मी थांबतो दादा, पन पाखरू थांबत न्हाई. ते कुनाच्या बापाचं ऐकत न्हाई." तरी ते बिचारे बराच वेळ थांबले. बाकीच्यांचा माल उन्हात तापत होता. शेवटी त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि टेंपो सुरू केला. आमचा ढीग चादरींवरच राहिला.

पोराच्या घड्याळात बरोबर दहा वाजले आणि फोन वाजला. दादानं तो उचलून बंद केला आणि उशीखाली ठेवला. "तासभर दारात बसवलं मला," तो म्हणाला. "पोरगी दिल्यावर जन्मभर बसवील." अशू उठली, आत गेली, आणि साडी बदलून शेडकडं निघून गेली.

दुपारी मुदखेडच्या बाईंचा मला फोन. तुम्ही फोन का बंद केला? मी म्हटलं, तुमचा मुलगा एक तास उशिरा आला. त्या म्हणाल्या, माझ्या मुलानं नऊच्या ठोक्याला फोन केला. मी म्हटलं, आम्ही घड्याळ समोर ठेवून बसलो होतो. मागून त्यांच्या यजमानांचा आवाज आला, रेल्वेत जन्म गेलाय आमचा, आमच्या घरात वेळ चुकत नाही. वीस वर्षं एका स्टाफरूममध्ये डबे वाटून खाल्लेल्या आम्ही दोघी, एकमेकींना खोटं ठरवत होतो. दोघींनाही दुसरी खोटं बोलत नाही हे आतून माहीत होतं, आणि त्यामुळंच राग जास्त येत होता. सोयरीक मोडली. कोणी तसं म्हटलं नाही, पण फोन थांबले.

दादा दोन दिवस शेतात जाऊन बसला. भाकरी नेली तेवढी खायचा. तिसऱ्या दिवशी भानावर येऊन त्यानं शफीकभाईंना फोन लावला तर ते बाजारात रांगेत अडकलेले. दुसरा टेंपो बघावा तर तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, आणि एकदा तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडं टेंपो काय, रिक्षासुद्धा मिळत नाही. सगळ्या गाड्या वऱ्हाडाच्या. कोष उन्हात वाळवावेत म्हटलं तर वर आभाळ धरलेलं. सगळ्या गावात लग्नाचे हलगीचे आवाज आणि आमच्या शेडमध्ये तो पांढरा ढीग. अशू रोज एक कोष कानाशी धरून हलवून बघायची. मी शाळेला रजा टाकून तिथंच राहिले होते. मध्यस्थ मी होते, तोंड लपवून नांदेडला जायचं तरी कसं?

मग ती सकाळ. उजाडलं तसं वहिनीनं शेडकडून हाक मारली, आणि ती हाक ऐकूनच मला कळलं.

कोषांच्या टोकांना ओली तपकिरी भोकं पडत होती. एकेका भोकातून काहीतरी भिजलेलं, सुरकुतलेलं डोकं बाहेर यायचं, मग सगळं अंग ओढून निघायचं, आणि थोड्या वेळात तिथं एक पांढरंशुभ्र, केसाळ पाखरू बसलेलं असायचं. एक नाही, दहा नाहीत, सगळी चादर हलत होती. काही पाखरं लठ्ठ, पोटानं जड, जागची हलत नव्हती. ती नुसती शेपटाकडचा भाग वर करून बसली होती. आणि त्यांच्याभोवती बारकी पाखरं वेड लागल्यासारखी गोल गोल धावत होती, पंख इतके जोरात फडफडवत होती की शेडमध्ये बारीक घरघर भरली होती. उडत एकही नव्हतं. त्यांना उडता येतच नाही. माणसानं इतकी वर्षं पाळली की उडणं विसरली. मग एखादं बारकं जड पाखराला भिडायचं, आणि दोघं पाठीला पाठ लावून, तोंडं दोन दिशांना करून गप्प व्हायची. अशा जोड्या चादरभर. बघावं तिकडं तेच. मी आयुष्यात इतकी ओशाळले नव्हते. कोष वेचायला येणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, वहिनी रडत होती, आणि मी मात्र ओरडले ती अशूवर, "तू बाहेर हो आधी. तुझं लग्न व्हायचंय."

ती हलली नाही. शेडच्या टोकाला पाठमोरी उकिडवी बसली होती, हातात फोन, आणि हळू आवाजात बोलत होती. "ही मादी. ही कुठं जात न्हाई. तिचा वास त्याला येतो. तो पंख हलवालाय ना, ते उडायला न्हाई. वास आपल्याकडं ओढून घ्यायला. याला तोंड न्हाई. म्हंजे हाय, पन खाता येत न्हाई. जेवण सगळं अळी असतानाच झालं. आता फक्त हे, अन् अंडी, अन् मग संपलं."

मी वाकून बघितलं. फोनमध्ये निखिल होता.

त्या शेडमधल्या सगळ्या जोड्यांनी मिळून बसला नव्हता एवढा धक्का मला त्या एका चेहऱ्यानं बसला. सोयरीक मोडलेली, बाप बाहेर उभा, पीक डोळ्यांदेखत जातंय, आणि ही पोरगी परक्या पोराला हे असलं दाखवत बसलीय. अशू मागं न बघता म्हणाली, "दाखवते म्हणले होते आत्या. बाकी काय बोलायचं न्हाई मला." तिच्या आवाजात रडू होतं. तेव्हा मला कळलं की तिला तो पोरगा आवडला होता, आणि हे ती त्याला निरोप म्हणून दाखवत होती.

तरी माझ्यातली शाळेची बाई गप्प बसेना. मी फोन तिच्या हातून घेतला आणि म्हटलं, "रात्रीचे दहा वाजलेत ना तुमच्याकडं? ही काय परक्या मुलीशी बोलायची वेळ आहे का?"

"आत्या, नऊच वाजलेत," तो म्हणाला.

"आमच्या भिंतीवरच्या तुमच्या घड्याळात दहा वाजलेत." मधे घरात जाऊन आले तेव्हा मी ते बघितलं होतं.

 मग त्याचा चेहराच बदलला. त्यानं सांगितलं की तिकडं थंडी लागायच्या सुमाराला सगळे आपली घड्याळं एक तास मागं करतात. यंदा ती नेमकी त्याच रात्री मागं झाली, ज्या रात्री तो आमच्याशी पहिल्यांदा बोलला. त्यानं दुसऱ्या रविवारी नऊलाच फोन केला होता. त्याच्या नऊला. आम्ही त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या नऊला वाट बघत बसलो होतो.

मी तशीच फोन घेऊन दादाकडं गेले. तो शेडबाहेर दगडावर बसला होता, आत बघवत नव्हतं म्हणून. मी सगळं सांगितलं. त्याला दोनदा सांगावं लागलं.

"कोनी मागं केली?" त्यानं विचारलं.

"सरकारनं, काका. दरवर्षी करतात," फोनमधून निखिल म्हणाला. "उन्हाळ्याच्या तोंडाला परत पुढं करतात."

"अन् समदे ऐकतात?"

"ऐकतात."

दादानं शेडकडं बघितलं. आत महिन्याभराचं पीक घरघरत होतं. मग त्यानं विचारलं, "मंग मदल्या काळात तो तास ठेवतात कुठं?"

  मला वाटलं, आता दादा फोन आपटतो. त्याच्या तोंडून कधी चुकलं, माफ कर, असलं काही निघालेलं मी ऐकलेलं नाही, आमच्या घरात ती रीतच नाही. त्यानं फोन जवळ घेतला, पोराकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "जेवलास का?"

"जेवलो, काका."

"मंग बस. पाखरं बघ." आणि फोन अशूच्या हातात देऊन तो तुतीत निघून गेला.

त्या हिवाळ्यात मी किड्यांच्या सोयरिकी वाचण्याचा सपाटाच लावला. जे काही वाचलं ते घरात सांगायची सोय नव्हती. माशीची एक जात आहे, त्यातला नर एखादं चिलट मारून, रेशमासारख्या धाग्यात गुंडाळून मादीला भेट देतो. ती पुडकं सोडेपर्यंत त्याचं काम उरकतं. इथवर ठीक. पण तिच्याच जवळच्या जातीतले नर पुडक्यात काही ठेवतच नाहीत, नुसतं रेशमाचं वेटोळं, आत हवा. मी पुस्तक मिटून पाणी प्यायले. प्रार्थना करत बसल्यासारखा दिसणारा तो हिरवा खंडोबाचा किडा आपल्या तुरीत असतो ना, त्याची बायको कधी कधी ऐन वेळी त्याचं डोकं खाते आणि डोकं गेल्यावरही उरलेला नवरा आपलं कर्तव्य पार पाडतो. अमेरिकेत काजव्यांची एक मादी अशी आहे की ती दुसऱ्या जातीच्या मादीसारखी उघडझाप करून परक्या नराला बोलावते, आणि आला की त्याला खाते. अशू त्याच देशात निघाली होती म्हणून हे मी मुदखेडच्या बाईंना सांगितलं नाही.

पण सगळ्यात जास्त दचकले ते एका साध्या गोष्टीनं. एकाच शेतात राहणाऱ्या पतंगांच्या वेगवेगळ्या जाती रात्र आपसांत वाटून घेतात. एकीची मादी अंधार पडताच गंध सोडते, दुसरीची पार उत्तररात्री. म्हणजे त्यांची गल्लत होत नाही. एकाच बांधावर, एकाच तुरीच्या झाडावर, दोन देशांची दोन घड्याळं. ज्याची वेळ चुकते तो येतो, फिरफिर फिरतो आणि जातो. त्याला कोणी भेटत नाही. माणसाचं तेवढं बरं, त्याला फोन बंद करून पुन्हा चालू करता येतो.

लग्न माघात झालं. ते पीक गेलं ते गेलंच, त्याचं दुःख वहिनी अजून करते. भोकं पडलेल्या कोषांची तिनं तोरणं ओवली आणि मांडवाच्या दाराला लावली. मुदखेडच्या पाहुण्यांनी, ही कसली फुलं, म्हणून विचारलं. अशूनं सांगितलं, आणि मग तिचे रेल्वेवाले सासरे ते तोरण हातात धरून बराच वेळ आतलं भोक बघत राहिले. फोनवरच्या त्या भांडणाचा विषय आम्ही दोघी बायांनी पुन्हा काढला नाही. स्टाफरूममध्ये डबे परत एकत्र उघडले गेले, एवढंच.

परवा मी चाकूरला गेले होते. शेड चालू आहे, दादा आता दोन गडी लावून ती चालवतो. कोष वेळेवर विकतो, त्यानंतर पाखरू काही कोणी बघितलेलं नाही. भिंतीवर दोन घड्याळं तशीच. अशूचा फोन रविवारी सकाळी येतो, तिच्या शनिवारच्या रात्री, नऊच्या ठोक्याला. तिकडची घड्याळं नुकतीच मागं गेलीत हे मला यंदा बरोबर लक्षात होतं, म्हणून मी निवांत अंघोळ करून बाहेर आले. तर दादा बाजेवर. धुतलेला सदरा, केस विंचरलेले, फोन तांब्याला टेकवून समोर उभा केलेला. पोराच्या घड्याळात नऊ वाजलेले. दुसरं कोणी जवळ नव्हतं.

मला वाटलं, म्हातारपण. विसरला असेल. मी स्टूल ओढलं आणि म्हटलं, "दादा, त्यांचा तास मागं गेलाय. फोन यायला अजून तासभर आहे. थांब, घड्याळ नीट लावून देते."

"ठाव हाय मला," तो म्हणाला. "हात लावू नको त्याला."

वहिनी चुलीपाशी होती. तिनं वर न बघताच मला सांगितलं की गेल्या थंडीतही हे असंच चालू होतं, थंडी संपेपर्यंत, प्रत्येक रविवारी. माझे हात स्टुलावर तसेच राहिले. साठी उलटलेला, दारात तासभर बसवलं म्हणून सोयरीक मोडायला निघालेला माझा भाऊ. तो तास ठेवतात कुठं, असं त्यानं त्या दिवशी शेडबाहेर विचारलं होतं. त्याचं उत्तर मी आता बाजेवर बसलेलं बघत होते.

मी स्टूल जागेवर ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसले. फोनचा पडदा काळाच होता. दादाचा डावा गुडघा हलत होता. मी त्याच्यावर हात ठेवला.